मागे कोणी लागणार नाही

व्हिसा आला, तिकीट निघालं, आता फक्त बॅग भरायची राहिली, असं वहिनी परवा फोनवर म्हणाली. बॅगेचं मी सांगतेच, पण शेवटी. आधी जे सांगायचंय ते तुला पुण्यात कोणी सांगणार नाही, कारण पुण्यात त्याची गरजच पडत नाही.

इंजिनिअरिंगची चार वर्षं तुझ्या मागे कोणी ना कोणी होतं. हजेरी कमी पडली की नोटीस बोर्डावर नाव लागायचं. परीक्षेचा फॉर्म राहिला तर ऑफिसातले काका कुरकुर करत का होईना, लेट फी घेऊन भरून द्यायचे. आणि सगळ्यांच्या वर दादा होताच, तुझा बाबा. जर्मनीत ही माणसं नसतात. लेक्चरला गेली नाहीस तर कोणी विचारणार नाही. बऱ्याच विषयांना हजेरीच नसते. परीक्षेला नाव नोंदवलं नाहीस तरी कोणी विचारणार नाही, फक्त परीक्षेला बसता येणार नाही. यात कोणाचा दुष्टावा नाही. तुला कळवलंय म्हणजे तू वाचलं असणार, असं धरून इथला सगळा कारभार चालतो. मी माइन्झला बसून आपल्या मुलामुलींचे फोन घेते. रडारडीपर्यंत गेलेल्या प्रकरणाच्या मुळाशी बहुधा एखादं न उघडलेलं पाकीट नाहीतर न वाचलेली ईमेल निघते. हुशारीत कोणी कमी नसतं ग.

म्हणून पहिलं काम पत्रपेटीचं. खोलीची किल्ली हातात आली की त्याच दिवशी पत्रपेटीवर आणि बेलवर आडनाव लाव, पासपोर्टवर जसं आहे तसंच. पोस्टमन आडनाव शोधतो. ते नसलं तर पत्र आल्या वाटेनं परत जातं, आणि गेलं हे तुला कळतही नाही.

मग आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ब्युर्गरब्युरोत, म्हणजे नागरिक कार्यालयात, जाऊन करायची. घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो, तो किल्लीबरोबरच मागून घे. अपॉइंटमेंट उशिराची मिळाली तर घाबरू नकोस, पण ती वेळेत मागितल्याचा पुरावा जपून ठेव. पुढची बरीचशी कामं या एका कागदावर अडून बसलेली असतात.

त्यानंतर पत्रांचा पाऊस. टॅक्स नंबरचं पत्र येईल. तो नंबर आयुष्यभराचा, सांभाळ. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं येईल, महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो. ही फसवणूक असणार असं समजून मुलं ते फेकून देतात आणि मग थकबाकी अंगावर येते. ते खरंच असतं. मात्र वर्गणी घरामागे एक असते, माणसामागे नाही; बरोबर राहणाऱ्यांपैकी कोणी भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवून मोकळी हो. आणि पिवळं पाकीट आलं तर हातातलं काम बाजूला ठेव. ते सरकारी किंवा कोर्टाकडचं असतं. पोस्टमन पाकिटावर तारीख घालून जातो आणि मुदत त्या तारखेपासून मोजतात, तू उघडलंस तेव्हापासून नाही. पाकीटसुद्धा फेकायचं नाही. इथे जाड पुठ्ठ्याची, दोन भोकांची फाइल मिळते, ऑर्डनर म्हणतात. पहिल्या आठवड्यात एक घे आणि आलेला कागद त्यात लाव.

रेसिडेन्स परमिटचा अर्ज व्हिसा संपायच्या आत गेला पाहिजे. प्रत्यक्ष अपॉइंटमेंटला काही महिने लागू शकतात, त्याला तुझा इलाज नाही. अर्ज मुदतीत केला असेल तर निर्णय होईपर्यंतचं तात्पुरतं पत्र मागता येतं. ते हातात पडल्याशिवाय सुट्टीत पुण्याला जायचं तिकीट काढू नकोस, मग घरी कोणाचंही लग्न असो.

आता अभ्यास. तुझ्या वेळापत्रकात ‘२. डीएस’, ‘३. डीएस’ असं काहीतरी दिसेल. ड्रेस्डेनच्या विद्यापीठात दीड तासाच्या दुहेरी तासांना असे क्रमांक असतात. पहिला सकाळी साडेसातला, दुसरा ९.२० ला, तिसरा ११.१० ला. जर्मनीत इतर अनेक ठिकाणी छापलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांनी लेक्चर सुरू करायची जुनी रीत आहे. ती ऐकून ड्रेस्डेनला ९.३५ ला पोचू नकोस. लेक्चर संपलं की मुलं टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर बोटांच्या पेरांनी टकटक करतात, तूही कर.

गुण उलटे असतात. १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० म्हणजे नापास. हे आधी दादाला समजावून सांग, नाहीतर त्याला वाटेल पोरीला एकच मार्क पडला.

परीक्षेसाठी पोर्टलवर स्वतः नोंदणी करायची, ठरलेल्या मुदतीत. नोंदणी केली आणि गेली नाहीस तर ५.० पडतात, आजारी असलीस तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. बहुतेक ठिकाणी एका परीक्षेला तीन संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झालं की तो अभ्यासक्रम सुटतो, आणि तोच विषय जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा घेता येत नाही. आपल्याकडे नापास विषयाची केटी ठेवून पुढे जाता येतं, तसला हिशेब इथे मनात आणू नकोस. परीक्षेआधीची पीएलची सुट्टी लागल्यावर पुस्तक उघडायची सवयही पुण्यातच ठेवून ये. काही परीक्षा तोंडी असतात, समोर प्राध्यापक आणि नोंद घेणारा एक जण. पाठ केलेलं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला संपतं आणि तिसरा प्रश्न ‘असं का होतं?’ हाच असतो. विद्यार्थ्यांच्या विभागीय मंडळाकडे, फाखशाफ्टकडे, बऱ्याचदा जुन्या प्रश्नपत्रिका असतात. पहिल्याच महिन्यात जाऊन ओळख करून घे.

विचारायला लाजायचं नाही. भीड ही भिकेची बहीण, असं आजी म्हणायची ते इथे पदोपदी पटतं. प्राध्यापकांची भेटीची वेळ ठरलेली असते. ईमेल लिहून ती माग, आणि जाताना आडवळणानं बोलू नकोस. आपली मुलं ताकाला जाऊन भांडं लपवतात: दहा मिनिटं विषयाची स्तुती करतात आणि उठता उठता दारात खरी अडचण सांगतात. समोरच्याला तोवर कळलेलंच नसतं की हिला काही हवं होतं. पहिल्या वाक्यात सांग, ‘मला हे जमत नाहीये, मी हे हे करून पाहिलं.’ एवढं पुरतं. नियमाबद्दल शंका असेल तर परीक्षा कार्यालयाला लेखी विचार आणि उत्तर जपून ठेव. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या सीनियर्सवर मीठ-मसाला कुठे मिळतो याबाबतीत पूर्ण विश्वास ठेव. नियमांच्या बाबतीत त्यातले निम्मे उंटावरचे शहाणे.

मतभेद असला तर तोही बोल, पुरावा हातात घेऊन. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीला बर्लिनला मानववंशशास्त्रात डॉक्टरेट करायला आल्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्व मानणारे. कवट्यांच्या ठेवणीत गोऱ्यांचं श्रेष्ठपण दिसेल अशी त्यांची धारणा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, तसं काही आढळलं नाही, आणि प्रबंधात त्यांनी तेच लिहिलं. डॉक्टरेटही मिळवली. संस्थेची ती इमारत दालेम भागात, इह्नेश्ट्रासे २२ या पत्त्यावर अजून उभी आहे. आता तिथे फ्री युनिव्हर्सिटीचं राज्यशास्त्र शिकवतात. ड्रेस्डेनहून बर्लिन दोन तासांवर, एकदा जाऊन ये. तुझे प्राध्यापक काही फिशर नसतील. उलट ‘होय सर’ म्हणून मान डोलावणारा विद्यार्थी इथे बहुतेकांना कंटाळवाणा वाटतो.

तू हायड्रो सायन्स शिकायला चाललीस म्हणून आणखी एक. सत्र सुरू व्हायच्या आधी गावातल्या पुराच्या खुणा बघून ये. ऑगस्ट २००२ मध्ये ड्रेस्डेनचं मुख्य स्टेशन पाण्यात गेलं ते एल्बेमुळे नव्हे, वाइसेरिट्झ नावाच्या लहान नदीमुळे. तिचं पात्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वळवलं होतं. पुरात तिनं पुन्हा जुनी वाट धरली. एल्बेचा उच्चांक त्यानंतर काही दिवसांनी, १७ ऑगस्टला, ९.४० मीटर. पहिल्या दिवशी सगळ्यांना ओळख करून द्यायला सांगतील. ‘मला पाण्याच्या विषयाची आवड आहे’ असं वर्गातला प्रत्येक जण म्हणेल. तू पानशेत धरणफुटीचं सांग. १२ जुलै १९६१ ला काय झालं हे तू आजीच्या तोंडून ऐकलंयस, आणि तिच्या घरात पाणी कुठवर चढलं होतं हे तुला हात वर करून दाखवता येतं.

पैशांचं थोडक्यात सांगते. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो भरलेत, पण महिन्याला हातात ९९२ च पडणार आणि पहिला हप्ता यायला वेळ लागू शकतो. तेव्हा पहिल्या महिन्याच्या खर्चाची सोय फॉरेक्स कार्डावर वेगळी ठेव. आरोग्य विमा दीडशेच्या आसपास जातो. वसतिगृह मिळालंय हे तुझं नशीब. बाहेर खोली बघणाऱ्या तुझ्या मैत्रिणीला मात्र सांग, खोली किंवा निदान विश्वासू माणूस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवायचा नाही. ‘मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरनं येईल’ म्हणणारा घरमालक भामटा असतो. भाडं ‘काल्ट’ लिहिलंय की ‘वार्म’ ते बघायचं: काल्टमध्ये हीटिंग, पाणी वगैरे धरलेलं नसतं. खोली ताब्यात घेताना भिंतीवरच्या प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढ आणि यादीवर दोघांच्या सह्या घे.

नोकरी पहिल्या सत्रात शोधू नकोस. दादानं कर्ज काढलंय आणि तुझा जीव त्यात अडकलाय हे मला ठाऊक आहे, तरी सांगते. तुमच्या परमिटवर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. किमान वेतन २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे. हिशेब मोहात पाडतो. पण गोदामात रात्रपाळी करून साडेसातच्या लेक्चरला डुलक्या घेणारी मुलं मी पाहिली आहेत. जेवढं कमावतात त्याहून जास्त लांबलेल्या एका सत्रात घालवतात. दुसऱ्या सत्रापासून विभागातच सहायकाचं काम मिळतं का बघ. ते त्या दिवसांच्या मर्यादेत धरत नाहीत, आणि प्राध्यापकांना तुझं काम दिसतं. जर्मन मात्र आत्तापासून. अभ्यासक्रम इंग्रजीत आहे म्हणून ती ढकलत नेणाऱ्यांना दोन वर्षांनी नोकरीच्या अर्जांवर नकार येत राहतात.

स्वयंपाकघराकडे वळते, कारण तिथे तुझा रोज जीव रमायचाय. तूप, पेढे, खवा, काहीही दुधाचं बॅगेत घालू नकोस. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, आणि पकडलं तर ते विमानतळावरच काढून घेतात. वहिनीला वाईट वाटेल. तिला सांग, इथे कुठल्याही दुकानात बुटरश्माल्झ मिळतं, ते तूपच. नाहीतर बिनमिठाचं लोणी आणून कढव, घरभर वास सुटेल. श्रीखंडाला क्वार्क आण, ४० टक्के फॅटवाला. रात्रभर फडक्यात टांगलास की झाला चक्का. पोळ्यांसाठी पिठाच्या पुड्यावरचा आकडा बघ. ४०५ म्हणजे मैदा, १०५० त्यातल्या त्यात आपल्या कणकेजवळचं. मसूर डाळ आणि बासमती सुपरमार्केटात, तूर डाळ आणि पोहे आशियाई दुकानात. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी तेवढी आण, सीलबंद, वर नाव लिहून. कुकर आणायचा तर सपाट बुडाचा, इंडक्शनवर चालणारा स्टीलचा.

फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार बंद, पंखा चालू, खिडकी उघडी. मिरच्यांच्या धुरानं वसतिगृहाचा अलार्म वाजला की अख्खी इमारत पायजम्यात खाली उतरते, आणि अग्निशमन दलाचा बंब उगाच आला तर त्याचं बिल तुझ्या नावानं येऊ शकतं. दुपारी मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, जेव. तीन-चार युरोंत गरम जेवण होतं, शाकाहारी काहीतरी असतंच, आणि मुख्य म्हणजे वर्गातली मुलं तिथे असतात. डबा घेऊन खोलीत परतणाऱ्यांची मराठीबाहेर मैत्री होत नाही.

रविवारी दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळी दूध, भाजी बघून ठेव. सॅक्सनीत नोव्हेंबरातला एक बुधवारही सुट्टीचा असतो, उरलेल्या जर्मनीत नसतो. नवीन मुलं दरवर्षी त्या दिवशी दुकानाच्या बंद दारासमोर उभी दिसतात. रात्री दहानंतर आवाज नाही. कचरा वेगवेगळ्या पिंपांत. प्लास्टिकच्या बाटल्या आणि पेयांचे कॅन फेकू नकोस, दुकानातल्या मशिनमध्ये घातले की नगामागे २५ सेंट परत मिळतात. नळाचं पाणी पी. थंडीतही दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटं खिडकी सताड उघड, नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि डिपॉझिटमधून पैसे जातात.

डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो. पहिल्या हिवाळ्यात सगळ्यांनाच जड जातं. झोप लागत नाही, नाहीतर उठवत नाही, आणि मुलं समजतात आपणच नालायक. दुपारी ऊन असेल नसेल, अर्धा तास बाहेर पड. विद्यापीठाच्या खेळांच्या वर्गात नाव घाल, स्वस्त असतात. पंधरा-वीस दिवस मन उचलत नसेल तर विद्यार्थी सेवेच्या समुपदेशकाकडे जा. तिथे पैसे पडत नाहीत आणि ते कोणाला सांगत नाहीत. दादा-वहिनीला कळवायचं की नाही ते तू ठरव. मी तर विचारणारही नाही. अंगात ताप असेल आणि दवाखाने बंद असतील तर ११६११७, जीवावरचं असेल तर ११२. साध्या सर्दीला डॉक्टर गोळ्या देत नाहीत, चहा पी आणि झोप म्हणतात. रागावू नकोस.

एक गोष्ट वहिनीसमोर बोलले नाही. ड्रेस्डेन देखणं आहे, पण परदेशी लोकांविरुद्धचे पेगिडाचे सोमवारचे मोर्चे २०१४ मध्ये तिथूनच सुरू झाले. बहुतेक दिवस तुला काही जाणवणार नाही. एखाद दिवशी ट्राममध्ये कोणी वाकडं बोलेल. वाद घालू नकोस, चालकाजवळ जाऊन उभी राहा, पुढच्या थांब्याला उतर; कोणी अंगावर आलं तर ११० ला फोन कर आणि तक्रार नोंदव. फुटबॉल सामन्याच्या संध्याकाळी स्टेडियमच्या बाजूच्या ट्राम टाळ. पण म्हणून घरात बसू नकोस. एल्बेकाठानं जाणाऱ्या एस-१ गाडीनं राटेनला उतरून बास्टाइचे सुळके बघून ये, विद्यार्थी तिकिटातच होतं. तिथून प्रागला जायचा मोह झाला तर पासपोर्ट बरोबर हवा, सीमेवर गाडीत तपासणी होऊ शकते.

राहिली बॅग. जाड कोट पुण्यात घेऊ नकोस. तिथे मिळणारा कोट दिसायला जाड, थंडीला पातळ. इथे सेकंडहँड दुकानात चांगला मिळतो. पैसे बुटांवर घाल. चष्म्याच्या दोन जोड्या आण आणि दातांचं जे काय असेल ते निघायच्या आधी उरकून घे. दोन गोल पिनांचे चार्जर इथे चालतात, तीन पिनांचे नाहीत. मूळ प्रमाणपत्रं केबिन बॅगेत. स्टीलचे डबे चार पुरेत, वहिनी बारा घालेल.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं मागे जातात आणि पुण्याशी फरक साडेतीन तासांचा साडेचार होतो. वहिनीला आधीच सांगून ठेव, नाहीतर फोन तासभर उशिरा आला की ती मला लावेल. पत्रं कळली नाहीत तर फोटो काढून मला पाठव. मात्र आधी शब्दकोश घेऊन स्वतः वाच आणि तुला काय समजलं ते खाली लिही, मग मी बघेन. नुसता फोटो आला तर उत्तर देणार नाही. पिवळ्या पाकिटाला हा नियम नाही, त्याचा फोटो रात्री दोन वाजताही चालेल.